मक्याच्या शेतात नांगर हवा की नको?

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह

मित्रांनो, शीर्षक वाचून 'शेतकी कॉलेजचं पान इथे चुकून छापलं गेलंय' असं समजून पान उलटू नका. मी तुमच्यासारखीच मेकॅनिकलची, आणि त्यात कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत आमचं मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले निबंध. त्यामुळे 'न' आणि 'ण' चुकले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे. खरं तर हा लेख मी इंग्रजी विभागासाठीच लिहायला घेतला होता. पण पहिल्याच पानावर 'वाफसा' या शब्दापाशी अडले. डिक्शनरीत बघितलं, दोन सरांना विचारलं, पण नेमका शब्द काही मिळेना. शेवटी वाटलं, जी गोष्ट मला काकांनी मराठीत शिकवली ती मराठीतच लिहावी.

तर गोष्ट अशी. माझे बाबा नोकरीमुळे शहरात आले, काका गावीच राहिले. गाव सिल्लोड तालुक्यात. पावसाळ्यात आमच्याकडे जिकडे बघाल तिकडे मका. काकांची चार एकर जमीन दोन तुकड्यांत आहे. वरचा तुकडा उताराचा, हलका, हातभर खणलं की मुरूम लागतो. खालचा तुकडा नाल्याकाठचा, काळा, भारी. पावसात तिथे चप्पल अडकली की पाय वर येतो, चप्पल येत नाही!

गेल्या मे महिन्यात सुट्टीला गेले होते. ट्रॅक्टरवाला ओट्यावर चहा पीत बसला होता आणि काका त्याच्याशी घासाघीस करत होते. पलटी नांगराचे पैसे वेगळे, मग दोनदा रोटाव्हेटर, त्याचे वेगळे. काकांचा स्वतःचा ट्रॅक्टर नाही, त्यामुळे पेरणीच्या आधीच खिसा निम्मा रिकामा होतो. बोलता बोलता काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तू इंजिनिअर होणार ना? मग सांग बरं, मक्याला एवढी नांगरट कामून लागती?"

आता काय सांगावं? मी लायब्ररीत एका मासिकात अमेरिकेतल्या 'नो-टिल' मक्याबद्दल एक लेख वाचला होता. तोही अर्धा, कारण पुढे जेवणाची वेळ झाली होती. पण 'इंजिनिअर' म्हटल्यावर अंगात वारं भरलं आणि मी ठोकून दिलं, "काका, नांगरूच नका. नांगरल्याने माती खराब होते." काकांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रॅक्टरवाल्याने त्याहून जास्त पाहिलं. शेवटी तडजोड झाली. दोन्ही तुकड्यांत अर्धा-अर्धा एकर तसाच सोडायचा, बाकी नेहमीप्रमाणे नांगरायचं.

दिवाळीत निकाल कळला. वरच्या तुकड्यातल्या न नांगरलेल्या भागात मका नांगरलेल्याइतकाच, किंचित सरसच निघाला. खालच्या काळ्या तुकड्यात मात्र न नांगरलेल्या अर्ध्या एकरात अडीच क्विंटल कमी! काका काही बोलले नाहीत. काकू मात्र हसून म्हणाली, "तुझं शिक्षण आम्हाला अडीच क्विंटलला पडलं बघ." ते हसणं मला अजून टोचतं. त्यानंतर मी तो अर्धा राहिलेला लेख पूर्ण वाचला आणि त्याच्यापुढे बरंच काही वाचलं. या लेखात जे आहे ते त्या अडीच क्विंटलच्या फीमधून आलेलं आहे!

आधी एक साधा हिशोब करू. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. नांगर २० सेंटिमीटर खोल गेला असं धरा. मातीची स्थूल घनता, म्हणजे मोकळ्या जागेसकट घनता, साधारण १.२५ धरा. गुणाकार केला की उत्तर येतं हजार टनांच्या वर. म्हणजे एक एकर नांगरताना आपण हजार टन माती उचलून उलटी करतो! मी हे रूमवर सांगितलं तेव्हा माझी सिव्हिलची रूममेट म्हणाली, गणित चुकलंय. तिने स्वतः करून बघितलं आणि गप्प बसली.

गंमत पुढे आहे. ही हजार टन माती सरासरी १० सेंटिमीटर उचलायला लागणारी ऊर्जा काढली तर ती फक्त १ मेगाज्यूलच्या आसपास येते. एक लिटर डिझेलमध्ये असते साधारण ३६ मेगाज्यूल. म्हणजे नुसतं उचलायला चहाचा कप भरेल एवढंही डिझेल लागू नये. पण ट्रॅक्टरवाला एकरी आठ-नऊ लिटर लागतं म्हणतो, आणि तो खोटं बोलत नाही. भारी मातीत नांगराच्या कापाच्या दर चौरस सेंटिमीटरला ०.८ किलोपर्यंत ओढ लागते. त्या हिशोबाने एकरी ६० ते ६५ मेगाज्यूल काम होतं, आणि इंजिन, गिअर, चाकांची घसरण धरून डिझेलमधली जेमतेम पाचवा हिस्सा ऊर्जा नांगरापर्यंत पोचते. गणित जुळलं! म्हणजे बहुतेक सगळी ऊर्जा माती उचलण्यात नाही, माती *फोडण्यात* आणि घासण्यात जाते. आता मुद्दा असा की आपण फोडतो काय?

मी लहानपणी समजायचे की माती म्हणजे बारीक भुकटी. तसं नाही. चांगल्या जमिनीत भुकटीचे कण एकमेकांना चिकटून बाजरीएवढे, हरभऱ्याएवढे रवे होतात. त्यांना चिकटवून ठेवतात बारीक मुळं, बुरशीचे तंतू, जिवाणूंनी सोडलेला चिकट पदार्थ, गांडुळाची विष्ठा आणि कुजलेला पालापाचोळा. दोन रव्यांच्या मधे मोठी पोकळी असते, तिथून पाणी खाली उतरतं आणि हवा आत येते. रव्याच्या आत बारीक पोकळी असते, तिथे पाणी टिकून राहतं. काकांचा 'वाफसा' म्हणजे नेमकी हीच अवस्था: मोठ्या पोकळीतलं पाणी निथळून गेलंय आणि बारीक पोकळीत ओल शिल्लक आहे. हातात मूठ धरली तर गोळा होतो, टाकला तर फुटतो. काका मूठ दाबून एका सेकंदात सांगतात. आमच्या लॅबमध्ये त्याला ओव्हन आणि चोवीस तास लागतात.

नांगर हे रवे फोडतो. पहिल्या दिवशी जमीन फुगलेली, मऊ दिसते आणि तशी असतेही. स्थूल घनता १.३ असेल तर मातीत जवळजवळ ५१ टक्के पोकळी असते. तीच घनता १.६ झाली की पोकळी ४० टक्क्यांवर येते. नांगरल्यावर पोकळी वाढते हे खरं. पण ती फुगवलेल्या फुग्यासारखी वाढते, बांधलेल्या घरासारखी नाही. फोडलेल्या रव्यांत आत लपलेला सेंद्रिय कर्ब उघडा पडतो, भरपूर हवा मिळते, जिवाणूंची चैन होते आणि ते तो कर्ब जाळून टाकतात. त्या जळण्यातून नत्र सुटतं, म्हणून नवी जमीन नांगरली की पहिली काही वर्षं पीक जोरात येतं. आजोबा म्हणायचे, नवं रान फोडलं की सोनं पिकतं. सोनं पिकतं खरं, पण ते बँकेतली मुद्दल काढून केलेली खरेदी असते. मग जोराचा पाऊस येतो. उघड्या, भुगा झालेल्या मातीवर थेंब आपटतात, बारीक कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि वर पापडी धरते. मक्याचा कोंब त्या पापडीखाली वाकडा होतो हे मी स्वतः पाहिलंय.

याचा प्रयोग तुम्ही रूमवर करू शकता. मी केला, आणि त्यासाठी रेक्टर मॅडमना लेखी खुलासा द्यावा लागला, कारण मेसमधल्या दोन चहाच्या गाळण्या 'गहाळ' झाल्या होत्या. काकांच्या वरच्या तुकड्यातून दोन ढेकळं आणली. एक बांधावरचं, जिथे कधीच नांगर लागलेला नाही, आणि एक शेताच्या मधलं. दोन्ही सावलीत वाळवली. दोन काचेच्या ग्लासांत पाणी भरलं, गाळण्या अर्ध्या बुडतील अशा ठेवल्या आणि त्यात एकाच वेळी ढेकळं सोडली. शेतातलं ढेकूळ मिनिटाभरात विरघळायला लागलं, पाच मिनिटांत ग्लासात चहा! बांधावरचं ढेकूळ मात्र रात्री बघितलं तरी बरंचसं शाबूत होतं, पाणीही स्वच्छ. माती तीच, पाऊस तोच, शेत तेच. फरक फक्त नांगराचा आणि मुळांचा. मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या दोन ग्लासांनी जास्त पटवलं.

दुसरा परिणाम वरून दिसत नाही. नांगर ज्या खोलीवर दरवर्षी फिरतो, त्याच्या तळाशी एक घट्ट थर तयार होतो. त्यात पलटी नांगर चालवताना ट्रॅक्टरचं एक मागचं चाक आधीच्या उघड्या तासातून चालतं, म्हणजे दोन टनांच्या ट्रॅक्टरचा भार थेट खालच्या मातीवर! रोटाव्हेटरने तर आणखी वरच, बोटा-दीड बोटाच्या नाही पण वीतभराच्याही आत, दुसरा थर बसतो. त्याची पाती फिरताना तळाची माती थोपटत जातात, शेणाने सारवल्यासारखी. वरून भुरभुशीत आणि खाली तवा. मक्याचं मूळ तव्यापर्यंत जातं आणि आडवं वळतं. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पाऊस उघडला की वरची ओल संपते, खालची ओल मुळाला मिळत नाही, आणि भर पावसाळ्यात पानं गुंडाळायला लागतात.

सिव्हिलच्या मित्रमैत्रिणींसाठी इथे एक गमतीची गोष्ट. तुम्ही लॅबमध्ये 'प्रॉक्टर टेस्ट' करता. माती जास्तीत जास्त घट्ट बसण्यासाठी किती ओल हवी ते काढता, कारण तुम्हाला रस्त्याचा भराव घट्ट हवा असतो. चिकण मातीत ती ओल 'प्लास्टिक लिमिट'च्या आसपास येते. आणि नांगरटीला सगळ्यात योग्य ओल कुठली? तीही प्लास्टिक लिमिटच्या जरा खाली! म्हणजे माती ज्या ओलीला सगळ्यात छान फुटते, त्याच्या अगदी शेजारच्या ओलीला ट्रॅक्टरचं चाक तिला सगळ्यात छान दाबतं. शेतकरी आणि रोड रोलर एकाच मुहूर्ताची वाट बघतात म्हणायचं!

हा तवा मोजायला मी वर्कशॉपमध्ये एक सळई बनवली. १२ मिलिमीटरची, टोकाला शंकू, आणि टोकामागचा दांडा लेथवर १० मिलिमीटर केला, म्हणजे दांडा मातीला घासून आकडा वाढणार नाही. मातीचा विरोध साधारण २ मेगापास्कलच्या पुढे गेला की बहुतेक पिकांची मुळं जवळजवळ थांबतात. १२ मिलिमीटरच्या टोकाचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर, गुणिले २, म्हणजे २२६ न्यूटन, म्हणजे सुमारे २३ किलो. सळईच्या वर आडवी पट्टी जोडली, त्यावर घरचा वजनकाटा उलटा धरून दाबायचं. काटा २३ च्या पुढे गेला की समजायचं, मुळाचा रस्ता बंद. खर्च शून्य. पहिल्यांदा मी ही सळई ऐन मे महिन्यात घेऊन गेले आणि ती बोटभर आत जाऊन वाकली, कारण वाळलेली काळी जमीन म्हणजे सिमेंटच. काकांनी समजावलं, "पाऊस पडून दोन दिवस जाऊ दे, वाफसा येऊ दे, मग टोच." जुलैमध्ये पुन्हा गेले. नांगरलेल्या भागात पहिले पंधरा-सोळा सेंटिमीटर लोण्यात सुरी, आणि मग एकदम काटा तीसवर. काकांनी स्वतः चार ठिकाणी टोचून बघितलं. मग बराच वेळ बांधावर बसून राहिले. "वीस वर्षं झाली बैल जाऊन," एवढंच म्हणाले.

इथपर्यंत वाचून तुम्हीही म्हणाल, मग नांगर फेकूनच द्या! मीही तेच म्हणाले होते आणि तिथेच फसले. आता थोडं अमेरिकेत जाऊ, कारण हा वाद मुळात मक्याच्या त्या प्रदेशातला आहे.

१८३७ साली इलिनॉयमध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने पोलादी नांगर बनवला. तिथली चिकट काळी माती आधीच्या ओतीव लोखंडी नांगराला चिकटून बसायची, पोलादावरून ती घसरू लागली. त्या नांगराने गवताळ कुरणं उलटी झाली आणि मक्याचा पट्टा तयार झाला. (आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते असं सांगतात.) १९३० च्या दशकात पश्चिमेकडच्या कोरड्या सपाट प्रदेशात दुष्काळ पडला आणि नांगरून उघडी केलेली माती वाऱ्याने उडाली. धुळीची वादळं पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचली. १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनर याने नांगर हाच गुन्हेगार आहे असं सांगणारं 'प्लाऊमन्स फॉली' हे पुस्तक लिहिलं आणि खळबळ उडाली. पण नांगर सोडला तर तणाचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. तणनाशकं हातात आल्यावर १९६२ मध्ये केंटकीतल्या हॅरी यंग या शेतकऱ्याने पाऊण एकराहून लहान तुकड्यात न नांगरता मका पेरला.

त्याच वर्षी ओहायो राज्यात वूस्टर इथे ट्रिप्लेट आणि व्हॅन डोरेन या दोन संशोधकांनी न नांगरलेल्या मक्याचे प्रयोग मांडले. पुढच्याच वर्षी तोच प्रयोग त्याच राज्यात हॉइटव्हिल इथे केला. वूस्टरची जमीन उताराची, पाण्याचा निचरा चांगला. हॉइटव्हिलची सपाट, चिकण, पाणी न निथळणारी. आता निकाल ऐका. वूस्टरला न नांगरलेला मका नांगरलेल्यापेक्षा सरस आला. हॉइटव्हिलला, विशेषतः मक्यावर मका घेतला तेव्हा, न नांगरलेला मागे पडला. पिकाची फेरपालट केल्यावर ती तूट कमी झाली. हे मी वाचलं तेव्हा लायब्ररीत अक्षरशः कपाळाला हात लावला. काकांचा वरचा तुकडा म्हणजे वूस्टर आणि खालचा म्हणजे हॉइटव्हिल! साठ वर्षांपूर्वी कुणीतरी माझंच उत्तर काढून ठेवलं होतं आणि मी जेवायला उठले होते.

पण निचरा हे अर्धंच कारण होतं. दुसरी चूक जास्त लाजिरवाणी आहे. मेक्सिको हा मक्याचा मूळ देश. तिथे एल बातान इथे 'सिमिट' या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन केंद्राने १९९१ पासून एक प्रयोग चालवला. काही वाफे नांगरायचे, काही नाही; काहींत पिकाचे अवशेष जमिनीवर ठेवायचे, काहींत काढून न्यायचे. न नांगरता अवशेष ठेवले तिथे पाणी चांगलं मुरलं आणि पीक चांगलं आलं. आणि सगळ्यात वाईट कुठे आलं? न नांगरता अवशेषही काढून नेले तिथे! नांगरलेल्यापेक्षाही वाईट. कारण उघड आहे. नांगर नाही म्हणजे कृत्रिम पोकळी नाही, आच्छादन नाही म्हणजे थेंबाचा मार थेट मातीवर, आणि किड्यामुंग्यांना खायला काही नाही म्हणजे नैसर्गिक पोकळीही नाही.

आम्ही खालच्या तुकड्यात नेमकं हेच केलं होतं. वरच्या तुकड्यात आधीच्या पिकाचा चारा किडका निघाल्याने काकांनी तो रानातच पसरू दिला होता. खालचा चारा चांगला होता, तो म्हशींसाठी धसकटापासून कापून नेला. म्हणजे वर आच्छादन अपघाताने मिळालं आणि खाली शहाणपणाने घालवलं! जुलैत खाली पाणी साचलं, मक्याची पानं बुडापासून पिवळी पडत गेली. मक्याला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही, मुळं गुदमरतात आणि मातीतलं नत्र वायू होऊन उडून जातं. काकांनी जास्तीचा युरिया टाकला, थोडं सावरलं, बाकी अडीच क्विंटल गेले ते गेलेच.

चाऱ्याचा प्रश्न मात्र पुस्तकात वाटतो तेवढा सोपा नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला ताटं रानात सोडणं परवडतं. आमच्याकडे मक्याचा चारा म्हणजे म्हशीचं उन्हाळ्याचं जेवण, आणि दूध म्हणजे काकूच्या हातातला रोजचा पैसा. "मातीला घालू की म्हशीला?" हा काकूचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. मक्यात दाण्याइतकंच साधारण चाऱ्याचं वजन असतं. त्यातला बुडाकडचा जाड, म्हैस नाक मुरडते तो भाग रानात ठेवायचा आणि वरचा पाल्याचा भाग न्यायचा, म्हणजे कणसाच्या थोडं खाली कापायचं, एवढी तडजोड सध्या ठरली आहे.

काकांची बाजूही सांगायला हवी. लष्करी अळी, ती अमेरिकेतून आलेली, २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. तेव्हापासून मक्याच्या पोंग्यात हात घातला की ती असतेच. ती कोषात जाते मातीत, दोन ते आठ सेंटिमीटरवर. उन्हाळ्यात नांगरलं की हे कोष उघडे पडतात, उन्हाने मरतात, आणि ट्रॅक्टरमागे बगळ्यांची रांग लागते ती उगाच नाही. हराळी, कुंदा यांची मुळंही वर येऊन वाळतात. न नांगरलेल्या तुकड्यात हराळीने काकूला रडवलं हे मी लपवणार नाही. तणनाशक मारलं, पण हराळीला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

आणि आणखी एक भ्रम. न नांगरल्याने जमिनीत कर्ब वाढतो हे सगळीकडे छापलेलं असतं. वरच्या पाच-दहा सेंटिमीटरात वाढतो हे नक्की. पण बऱ्याच प्रयोगांत माती फक्त वरून तपासली होती. खोलवर तपासल्यावर काही ठिकाणी नांगरलेल्या शेतात खाली जास्त कर्ब निघाला, कारण नांगराने पालापाचोळा तिथे पुरला होता. बेरीज जवळपास सारखी! २०१४ मध्ये 'नेचर'ने ६३ देशांतल्या ४८ पिकांचे ६१० अभ्यास एकत्र मांडणारा लेख प्रसिद्ध केला. त्यात न नांगरल्याने सरासरी उत्पन्न ५.७ टक्के घटल्याचं दिसलं. पण कोरडवाहू, कोरड्या हवामानात, अवशेष ठेवून आणि फेरपालट करून नांगर सोडला तिथे ते ७.३ टक्के वाढलं. म्हणजे 'नो-टिल' ही एकटी गोळी नाही, तिघांचं मिळून औषध आहे.

मग खालच्या काळ्या तुकड्याचं काय करायचं? इथे मातीनेच थोडी मदत केली आहे. काळी माती मॉन्टमोरिलोनाइटची, ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात वरचे रवे भेगांत पडतात, पावसाळ्यात भेगा मिटतात, खालची माती वर सरकते. शास्त्रज्ञांनी तिला 'व्हर्टिसॉल' नाव दिलं ते लॅटिनमधल्या 'उलटणे' या शब्दावरून. म्हणजे ही जमीन स्वतःची नांगरट थोडीफार स्वतःच करते! तिला नांगरापेक्षा निचऱ्याची गरज जास्त. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत काढली ती यासाठीच: वरंब्यावर पीक, सरीतून जास्तीचं पाणी बाहेर. आणि नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी आधी भातासाठी रुजवलेल्या सगुणा पद्धतीत तर गादीवाफे एकदा केले की पुन्हा नांगरायचंच नाही, पीक कापून मुळं जमिनीतच कुजू द्यायची. हे दोन्ही एकत्र केलं तर चाकं कायम सरीतच चालतील आणि वरंबा कधी दाबलाच जाणार नाही, असं माझ्यातल्या मेकॅनिकलवाल्या मुलीला वाटतं. पण मागच्या वेळी मला जे वाटलं होतं ते तुम्हाला माहीतच आहे!

म्हणून या वेळी मी सल्ला दिला नाही, फक्त काय वाचलं ते सांगितलं. हॉइटव्हिलचं सांगितलं, म्हशीच्या चाऱ्याचं एल बातानचं सांगितलं. काका विडी विझवून ऐकत होते. ठरलं ते असं. वरच्या तुकड्यात या वर्षी एक एकर न नांगरता, टोकण करून, ताटांचा बुडखा रानातच ठेवून. खाली एकदाच नांगरून रुंद वरंबे करायचे आणि तेही अर्ध्याच एकरात. पुढच्या वर्षी त्या वरंब्यांना हात लावायचा नाही. मक्यानंतर तिथे हरभरा.

परवा फोन आला होता. मला वाटलं काही तरी अडलं. काका म्हणाले, "ती तुझी सळई गावात फिरती आहे. आधी शेजारच्यांनी नेली, आता त्यांच्या पाहुण्याने. येताना अजून एक करून आण. आणि दांडा जरा जाड घे, आपल्या रानात ती वाकती."